जांभळ्या कोंबड्या कुणी नेल्या

...आणि वर त्या प्राध्यापकबाई मलाच विचारतात, "काका, तुमचा पक्ष्यांचा अभ्यास किती?" आता तुम्हीच सांगा, ज्या पाणकोंबड्या त्या लांबच्या बेटावर मी या दोन हातांनी नेऊन सोडल्या, त्यांच्यासाठी मला अभ्यास कशाला हवा? पण आमचं ऐकतो कोण...

तुम्हाला सांगतो, मी तेव्हा सामान नेणाऱ्या बोटीवर आचारी. बेटावर हवामान खात्याची चार माणसं, एक दलदल आणि वारा, बाकी कशाचं नाव नको. तिथले साहेब एकदा म्हणाले, डब्यातलं खाऊन जीव विटला, पुढच्या खेपेला अंड्यांसाठी कोंबड्या आणा. कप्तानानं काम ढकललं माझ्यावर, मी साफ विसरलो, आणि बोट सुटायला अर्धा तास असताना धक्क्यावर धावतो तर दुकानं बंद, एकच म्हातारा झाकलेली टोपली घेऊन बसलेला. म्हणाला, "सहा आहेत. जांभळी जात, लाजरी असते, झाकण उघडू नका." मी विचारलं, "अंडी देतात ना?" म्हणाला, "स्वतःपुरती देतात." तिथंच कळायला हवं होतं की नाही? पण घाई...

नऊ दिवस फटीतून दाणे घालत नेल्या. बेटावर साहेबांनी झाकण काढलं. आतून निळीजांभळी पिसं, लाल चोच आणि पाय... अहो, ते पाय संपतच नाहीत. साहेब म्हणाले, "ही कोंबडी?" मी म्हटलं, "साहेब, शहरात हल्ली अशाच मिळतात." तेवढ्यात सहाच्या सहा तुरुतुरु दलदलीत पसार. साहेबांनी वहीत लिहिलं, 'कोंबड्या मिळाल्या नाहीत.' झालं. कागदावर मी काही नेलंच नाही.

पंचवीस वर्षांनी या प्राध्यापकबाईंचं आमच्या गावात व्याख्यान. बेट म्हणे पाणकोंबड्यांनी भरलंय, आणि त्या पोचल्या कशा, तर "वादळावर स्वार होऊन, अथांग सागर ओलांडून." शेजारी आमची ही डोळे पुसतेय. म्हणते, "बघा, एवढासा जीव. तुम्हाला कोपऱ्यावर भाजीला जाववत नाही." मग मात्र मी उठलो. म्हटलं, "बाई, त्या बोटीनं आल्या. दोघींना तर बोट लागली होती." सभागृह हसतंय. बाई शांतपणे म्हणाल्या, "लोककथांमध्ये असे उल्लेख सापडतात." मी समोर जिवंत उभा, आणि मी लोककथा? आमचं ऐकतो कोण...

"पुरावा आहे का काही?" कप्तान वारला, टोपली कुजली, साहेबांची वही माझ्याच विरुद्ध बोलते. शेवटी हे बोट पुढे केलं. दाणे घालताना एकीनं चोचीनं लचका तोडला होता, ही बघा खूण. बाईंचे डोळे चमकले. मी इतका वेळ बोट बोट म्हणतोय आणि त्यांना दिसलं ते हे बोट. मोजपट्टी काढली, फोटो घेतला, म्हणाल्या, "फार महत्त्वाचं आहे." मला वाटलं, चला, ऐकलं एकदाचं कुणीतरी.

सहा महिन्यांनी पुस्तक आलं. पान एकशे बारा, पानभर माझं बोट. खाली ओळ, 'या पक्ष्याच्या चोचीची ताकद. बोट : अज्ञात इसम.'

बायकोपुढे पुस्तक धरलं. तिनं मात्र क्षणात ओळखलं. म्हणाली, "फोटो काढायचा होता, तर नखं तरी कापून जायचं."