बेंगळुरात न येणारी कॅसेट

आम्ही बेंगळुरातल्या चिकपेटचेच, आजोबांच्या आजोबांपासून शिंपी, घरात मराठी, बाहेर कन्नड, वाचायला-लिहायलाही कन्नडच. दिवसा मी मशीन चालवायचो आणि बोलावणं आलं की स्टुडिओत तबला. माझी थोरली बहीण, तिला सगळे अक्काच म्हणतात, नवरा गेल्यावर आमच्याकडेच आली, काजं-बटणं तीच करायची. तिची सुमी चार वर्षांची होऊन तापानं गेली. त्या पोरीसाठी अक्कानं एक अंगाई केली होती, कागदावर नाही, तोंडातच, आणि काजं करताना ती हळू गुणगुणायची, परकं कुणी आलं की गप्प.

आता स्टुडिओत येणाऱ्या एका गायकाचं सांगतो. केस खांद्यापर्यंत, इलेक्ट्रिक गिटार, रॉक गायचा, पण मुलगा चांगला, मला अण्णा म्हणायचा. दुसऱ्यांची जुनी गाणी आपल्या ढंगात गाऊन त्यानं कॅसेट करायला घेतली, आणि कंपनीवाल्यांचं डोकं असं की बाकी गाणी सगळीकडे तीच, शेवटचं मात्र त्या त्या मुलखाचं, इथं कन्नड, मद्रासला तमिळ, महाराष्ट्रात मराठी. मराठीसाठी त्यांना कुणाची परवानगी लागणार नाही असं जुनं काही हवं होतं. अण्णा, तुमच्या घरात आहे काय, म्हणून विचारलं. आणि काय सांगू तुम्हाला, मी अक्काचं गाणं म्हणून दाखवलं.

कुणाचं हे, म्हणाले. सगळे जीन्सवाले, इंग्रजी बोलणारे, त्यांच्यासमोर माझ्या बहिणीनं काजं करता करता केलंय म्हणायची मला लाज वाटली, आणि खरं सांगू, अक्काला विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती हेही ठाऊक होतं. म्हटलं, पारंपरिक आहे. गाण्यातली ही सुमी कोण, गायकानं विचारलं. म्हटलं, कुणी नाही, दुसरं नाव घाल. त्यानं सोनू घातलं. मी तबला वाजवला, छान वाजवला. मराठीची कॅसेट तिकडेच विकणार, बेंगळुरात येणारच नाही, अक्काच्या कानावर कशाला जाईल, असं मी धरून चाललो.

पण आमच्या सोयरिकी सगळ्या तिकडच्याच, हे विसरलो. पुतणीच्या लग्नाला सोलापूरचे पाहुणे आले, त्यांच्या पोरींनी भर दुपारी टेपवर तीच कॅसेट लावली, नाचत होत्या. शेवटचं गाणं लागलं आणि अक्का ताकाचे पेले घेऊन होती तिथंच उभी राहिली. पूर्ण ऐकलं. मग एका पोरीला म्हणाली, कुणी केलंय बघ गं, मला मराठी वाचता येत नाही. पोरगी कव्हर बघून म्हणाली, पारंपरिक. अक्का माझ्याकडे वळली, म्हणजे काय रे? माझ्या तोंडून निघालं, म्हणजे कुणाचं नाही. सरी, म्हणाली, बरं म्हणावं तसं, आणि ताक वाटायला गेली.

त्याला चार-पाच वर्षं झाली. काजं करते, गुणगुणत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं बघा, ती अजून स्वल्प भात घे म्हणून आग्रह करते आणि मला ताटातून मान वर करता येत नाही. पाया पडायला गेलो तर पाय मागे घेतले, राहू दे, जेव म्हणाली.

तुम्ही गाणी आणि त्यांची हकीकत लिहून घेताय, देव तुमचं भलं करो, त्या गाण्यापुढं नाव अक्काचं घाला. पण तिला विचारून घाला, मी विचारलं नव्हतं. आत आहे ती, जा. मी इथंच बसतो.