हिरवे दिवे लागतायत ना?

...नाही, पण मला एक सांगा, भर कॉरिडॉरमध्ये कोणी पासवर्ड ओरडून सांगतं का हो? आमच्या डहाणूच्या ट्रस्ट हॉस्पिटलात सांगायचे! बकुळाताई, म्हणजे आमच्या मेट्रन, इकडून विचारणार, "अगं, त्या स्विचचा पासवर्ड काय?" आणि तिकडून पेशंटच उत्तर देणार, "अ‍ॅडमिन!" पेशंट! सलाइन लावलेला!

आणि स्विच म्हणजे भिंतीवरचा खटका नव्हे हं. एक चपटी लोखंडी पेटी, जिच्यात सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी येऊन मिळतात. एक डहाणूला, एक आमच्या झरीच्या दवाखान्यात. झरीत ईसीजी काढला की या पेट्यांमधून तो डहाणूला आमच्या डॉक्टर जागृती मॅडमसमोर उघडतो. म्हणजे तिथल्या माणसाचं काळीज या वायरीतून धावतंय, आणि मी, दीपेश, ते सांभाळणारा एकटा. काही बोलायला गेलं की पेटीकडे बोट दाखवून सगळ्यांचं एकच, "हिरवे दिवे लागतायत ना? मग चालू आहे!"

दोन हजार सतराची गोष्ट. कॅमेरे बसवणारे रतनभाई आले. त्यांचा कॅमेरा दिसेना. पासवर्ड तर काय, अख्ख्या डहाणूला पाठ! गडी शिरला पेटीत, काय काय दाबलं देव जाणे, कॅमेरा दिसायला लागला आणि झरी गायब! तिकडे एका म्हाताऱ्याचा ईसीजी अडकलेला, तिथल्या संगितासिस्टर मोबाइलवर कागदाचे फोटो काढून पाठवतायत, फोटो हललेला... म्हातारा वाचला, पण नशिबाने. आणि रतनभाई मला म्हणतात, "अरे बॉस, लाइट चालू छे ने? पछी शूं?" म्हणजे तेच, दिवे लागतायत ना, मग काय!

डोकं फिरलं माझं! तडक मॅडमच्या केबिनमध्ये. म्हटलं, "मॅडम, एक तर मला मोकळीक द्या, नाही तर ती पेटी बाजारात मांडून ठेवा." मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कर तुला हवं ते. शिव्या आल्या तर माझ्याकडे पाठव."

मग काय! अ‍ॅडमिन उडवला. ज्याला खरंच काम आहे त्याला स्वतःच्या नावाचं लॉगिन, म्हणजे कोणी काय केलं ते कळणार. दोन्ही पेट्या जाळीच्या कपाटात, कपाटांना कुलूप. रिकामे पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची भोकं, बंद; उगाच कोणी वायर खुपसायला नको. आत शिरायचा रस्ता फक्त माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून. आणि पासवर्ड आधी उघड्या पोस्टकार्डासारखा जायचा, आता बंद पाकिटातून. वर एक पहारेकरी प्रोग्राम, पेटीला जरा शिंक आली की माझ्या मोबाइलवर मेसेज!

शिव्या? अहो, बकुळाताईंनी माझ्याशी बोलणं सोडलं! "आम्ही काय चोर आहोत का रे?" म्हटलं, "ताई, तुम्ही चोर नाही, पण तुमचा आवाज फार लांब जातो!"

...आणि एक दिवस दुपारी जेवत होतो, मेसेज वाजला. झरीचा पोर्ट बंद, चालू, बंद, चालू. लावला फोन. संगितासिस्टर म्हणतात, "भाऊ, हिरवे दिवे लागतायत. मग चालू आहे!" तुम्हाला सांगतो, ताट तसंच ठेवून निघालो. मोटरसायकल, डोक्यावर ऊन, तलासरी ओलांडून झरी. बघतो तर औषधांचं नवं लोखंडी कपाट वायरीवर उभं! वायर चेपून पापड झालेली! बदलली, अंग पुसलं, निघणार... तर दारात जीप. देवजी, झरीतलाच शेतकरी, छाती धरून वाकलेला, आणि त्याची बायको सोमी रडत, "बघा ना ओ, कसा करतोय!"

ईसीजी लागला. मी स्क्रीनकडे बघत उभा. गेला! अख्खा, स्वच्छ गेला! लगेच मॅडमचा फोन, "गोळी चघळायला द्या. डहाणूला आणू नका, सरळ वापीला मोठ्या हॉस्पिटलात. मी तिथे बोलून ठेवते."

वाचला हो देवजी! नंतर डहाणूला तपासणीला आला, स्वतःच्या पायांनी. सोमीने मला विचारलं, "भाऊ, त्या पेटीत देव हाय काय?" म्हटलं, "नाही वहिनी, पासवर्ड आहे." तिने तरी लांबून हात जोडले. आणि मागून बकुळाताईंनीही! माझ्याशी बोलायला लागल्या तेव्हापासून.

मला वाटलं, जिंकलो! तर मॅडम खूश होऊन म्हणतात, "दीपेश, ते मेसेज सगळ्या स्टाफला जाऊ देत." गेले! आता मी वायर पुसायला जरी काढली तरी फोन. "पोर्ट पडला!" परवा रविवार, भाच्याच्या लग्नात पंगतीला बसलोय, पहिला घास हातात, आणि झरीहून संगितासिस्टर, "भाऊ, दिवे हिरवे आहेत हो, पण मला पेटी जरा हळू वाटतेय!"

यंत्राला सांगता येतं, बाबा, रविवारी गप्प बस. संगितासिस्टरना कोण सांगणार?