डॅडींच्या पिस्तुलाची माशी

ठिकाण : शेरीफ कचेरी, लॉरेल गॅप, केंटकी
दिनांक : १८ ऑक्टोबर २०१९, सकाळी ९.३०
लिहून घेणार : डेप्युटी लोरीन स्टेपल्टन

मी, वेंडल रॉय प्रॉफिट, वय ६१ वर्षे, धंदा बंदूक दुरुस्ती, राहणार कॅनी क्रीक रोड, लॉरेल गॅप. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. घराला लागूनच माझे दुकान आहे. हा धंदा मी चौतीस वर्षे करत असून माझ्याकडे त्याचा रीतसर परवाना आहे. एमेट टॅकेट, वय ७६, आणि त्याचा धाकटा भाऊ डॉयल टॅकेट, वय ७१, यांना मी पंचवीसेक वर्षे ओळखतो. दर शनिवारी सकाळी आम्ही तिघे अग्निशमन केंद्राच्या मागच्या मैदानात लोखंडी चकत्यांवर नेमबाजी करत असू. या वर्षी मार्चपासून एमेट येईनासा झाला. तेव्हापासून डॉयल आणि मी दोघेच जात होतो.

दिनांक २४ सप्टेंबर रोजी, मंगळवारी, एमेट दुकानात आला. त्याने वडिलांचे पिस्तूल आणले होते. ते जुन्या लष्करी ठेवणीचे, पंचेचाळीस बोअरचे, अर्धस्वयंचलित आहे. वडिलांनी ते युद्धावरून आणले होते. त्याच्या पुढच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, तांदळाच्या दाण्याएवढी आहे. मागची खाचही तशीच बारीक. एमेट म्हणाला, "माशी दिसतच नाही रे मला. चकती दिसते, हात दिसतो, मधलं सगळं धुकं."

मी म्हणालो, "डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ना तुझं?"

"झालं की. आता टेकडीवरच्या झाडाची पानं मोजून देतो. पण हाताच्या टोकाला काय आहे ते विचारू नकोस."

मी त्याला सांगितले की मोठी माशी आणि रुंद खाच बसवता येते, पण त्यासाठी पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात, म्हणजे स्लाइडमध्ये, मशीनवर चर पाडावे लागतात. एकदा पाडले की मूळचे परत येत नाही. तो म्हणाला, "काप. मला माझे शनिवार परत पाहिजेत."

मी विचारले, "डॉयलला सांगितलंस?"

"डॅडींनी पिस्तूल माझ्या हातात दिलंय," असे तो म्हणाला.

दिनांक २८ सप्टेंबर रोजी, शनिवारी, मैदानात डॉयलने मला विचारले, "एमेटचं पिस्तूल तुझ्याकडे आहे म्हणे? तेलपाण्याला दिलं असेल." मी "हं" एवढेच म्हणालो. डॉयल पुढे म्हणाला, "त्या माशीचा एक कोपरा झिजलाय बघ. डॅडींचा अंगठा तिथे फिरायचा. जेवून झालं की पडवीत बसून रेडिओ ऐकायचे आणि अंगठा फिरवायचे. त्यांचं तेवढंच राहिलंय आता." त्या दिवशी डॉयलने मला नाश्ता दिला.

दिनांक ३० सप्टेंबर रोजी मी स्लाइड मशीनवर आवळली, मापे लावली, आणि परत सोडवून घेतली. तिला चर पाडला नाही. त्याच बनावटीची दुसरी जुनी स्लाइड मी स्वतःहून ओहायोतील एका व्यापाऱ्याकडून मागवली. ती ८ ऑक्टोबरला आली. त्या दुसऱ्या स्लाइडला मी चर पाडून पुढे पितळी ठिपक्याची उंच माशी आणि मागे रुंद काळी खाच बसवली आणि ती स्लाइड पिस्तुलावर चढवली. १५ ऑक्टोबरला पंधरा यार्डांवरून बारा गोळ्या झाडून पाहिल्या. बाराही मुठीएवढ्या जागेत बसल्या. मूळची स्लाइड जुन्या माशीसकट तेलाच्या फडक्यात गुंडाळून कामाच्या टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये ठेवली. एमेटला नेम धरता आला असता आणि डॉयलला त्याची माशी मिळाली असती. हे मी दोघांपैकी कोणालाही सांगितले नाही. शनिवारी दोघांना एकत्र बसवून दाखवायचे, असे माझ्या मनात होते.

दिनांक १७ ऑक्टोबर रोजी, गुरुवारी, सकाळी १०.५० च्या सुमारास एमेट न कळवता दुकानात आला. त्याला शनिवारपर्यंत धीर नव्हता. मी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून त्याच्या हातात दिले. त्याने समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. तो म्हणाला, "दिसतेय रे. वेंडल, मला दिसतेय." त्याने पाच-सहा वेळा हात खाली घेऊन पुन्हा वर केला. मग पिस्तूल टेबलावर ठेवले. माझ्याकडे त्याने पाठ केली होती. तो नाक पुसत होता.

११.०९ वाजता डॉयल आत आला. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. त्याला बाहेर एमेटची गाडी दिसली होती. त्याने टेबलावरचे पिस्तूल पाहिले. तो म्हणाला, "पिस्तुलाला चष्मा लावलास होय रे एमेट? आता कानाचं यंत्रही बसवून घे."

एमेट म्हणाला, "मला दिसत नव्हतं."

"म्हणून डॅडींची माशी कापलीस?"

"कापली. माझं पिस्तूल आहे."

जुनी माशी कापली गेली, असे एमेटला खरोखरच वाटत होते. डॉयल माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तू? त्या दिवशी मैदानात तोंडाला कुलूप लावलं होतंस. मी तुला घरचा समजत होतो, वेंडल. तू तर नुसता मशीन चालवणारा निघालास."

हे मला लागले. ड्रॉवर माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी तो उघडला नाही. आधी याला बोलू दे, मग उघडू आणि त्याचे तोंड बघू, असे माझ्या मनात आले. मी हाताची घडी घालून मशीनला टेकून उभा राहिलो. त्यानंतर दोघे भाऊ बोलत होते. डॅडींच्या शेवटच्या आजारपणात कोण किती वेळा आले, हे निघाले. एमेटची बायको रीव्हा हिच्या अंत्यविधीला डॉयल उशिरा आला, हेही निघाले. ते सर्व मला आठवते, परंतु या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.

११.१८ वाजता डॉयलने पिस्तूल उचलायला हात पुढे केला. एमेटने त्याचे मनगट धरले. डॉयलने हात ओढला. एमेटने सोडला. डॉयल मागे गेला, त्याचा पाय रबरी चटईत अडकला आणि तो पाठीवर पडला. डोक्याची मागची बाजू बंदुका ठेवायच्या तिजोरीच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटली. एमेटने ढकलले का, असे मला तीनदा विचारण्यात आले. त्याने ढकलले नाही. त्याने हात सोडला. डॉयलला लागेल म्हणूनच त्याने सोडला, असे मला दिसले.

डॉयल उठून बसला. रक्त थोडेच होते. तो म्हणाला, "काही नाही झालं. माझा चष्मा बघा कुठे गेला." एमेटने चष्मा शोधून त्याला घातला आणि खाली बसून त्याच्या डोक्याला टॉवेल दाबून धरला. मी ११.२१ ला रुग्णवाहिकेसाठी फोन केला. डॉयल म्हणाला, "एमेट, तुझा हात केवढा गार पडलाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "जुनी माशी टाकून नाही ना दिलीस? असली तर मला दे. नुसती खिशात ठेवीन."

मी म्हणालो, "देतो."

एवढेच म्हणालो. एमेट त्याच्याजवळ बसलेला होता. खरे सांगितले असते तर दोघांनाही कळले असते की भांडायला काही कारणच नव्हते. ११.३३ च्या सुमारास डॉयलला उलटी झाली. त्यानंतर तो बोलला नाही. रुग्णवाहिका ११.४५ ला आली.

दुपारी ३.१० वाजता रुग्णालयात डॉक्टरांनी बाहेर येऊन डॉयल वारल्याचे सांगितले. एमेट मला म्हणाला, "ते पिस्तूल नदीत टाकून दे." मी त्याला काही सांगितले नाही. त्याला घरी सोडले, सूप गरम करून दिले. तो खुर्चीत बसून राहिला. आज सकाळपर्यंतही मी त्याला सांगितलेले नाही.

पिस्तूल, त्यावरची नवी स्लाइड आणि ड्रॉवरमधील मूळची स्लाइड फडक्यासह मी डेप्युटींच्या ताब्यात दिली आहे. मूळच्या स्लाइडला कोठेही चर नाही, हे त्यांनी पाहिले आहे. हा जबाब एमेटच्या वाचनात येईल का, असे मी विचारले. त्याला किंवा त्याच्या वकिलाला प्रत मिळेल, असे त्यांनी सांगितले. तरीही मी जबाब देत आहे.

लिहिलेले सर्व डेप्युटींनी मला मोठ्याने वाचून दाखवले. ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. फक्त एका ठिकाणी त्यांनी आपणहून, "मूळ स्लाइडबद्दल सांगण्यास मला वेळ मिळाला नाही," असे लिहिले होते. ते वाक्य मी खोडायला सांगितले. वेळ मिळाला होता.

सही,
वेंडल रॉय प्रॉफिट