दाराच्या फटीतली पट्टी

— नाही, त्या स्टुलावर नको बसू रुचिरा, तेलकट आहे, साडी जाईल. इथं बस, पेपर घातलाय. विपुलची बॅग हीच ना? डबा मी धुतला, आठवडाभर भाजी तशीच होती आत — असो. वास येऊन राहिलाय ना? तो डब्याचा नाही, कूलंटचा. लोखंड कापताना मशीनमध्ये दुधासारखं पाणी सोडतात, ते. रविवारी मशीन बंद की आतल्या आत नासतं, सोमवारी सगळी शेड मेलेल्या उंदरासारखी घाणते. बदला म्हटलं तर भय्यासाहेब म्हणतात, ‘मॅडम, थोड़ा फिनाइल डाल दो’ — मालक ते, नाकाला रुमाल लावून येतात नि जातात. नातेवाइकांना वाटतं, विनता सीएनसीची प्रोग्रामर, कॉम्प्युटरवर काम करते. करते ना — आकडे टाइप करते नि मग कोपरापर्यंत हात त्या घाणीत. माझी सलोनी तीन वर्षांची, जवळ घेतलं की तोंड फिरवते.

हात कसा आहे तुझ्या नवऱ्याचा? — तीन? मला दोन बोटं गेली म्हणून सांगितलं होतं. अच्छा. उजवाच ना.

कळतं मला तू काय विचारतेस ते. तो म्हणतो मी काही केलं नाही, नि भय्यासाहेबांच्या अपघाताच्या रिपोर्टमध्ये आहे की कारागिराने स्वतः सुरक्षा बंद केली. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. वाचून केली, हो. शिकलेली बाई मी, न वाचता कशी करेन?

इकडे बघ. मशीनच्या दाराला ही पट्टी आहे — दार लावलं की ती या स्विचच्या फटीत शिरते, तेव्हाच आतला चक फिरतो, म्हणजे जॉब, कापायचा लोखंडी तुकडा, धरणारा तो जबडा. दार उघडलं की मशीन थांबलं. पण लोखंडाच्या चिप्स निघतात, केसांच्या गुंत्यासारख्या, जॉबला गुंडाळतात. त्या काढायला दर वेळी थांबवा, उघडा, काढा, लावा — अर्धं मिनिट. दिवसाचे एकशेवीस जॉब. तास गेला की नाही? म्हणून जागोजागी काय करतात, तशीच एक सुटी पट्टी फटीत खोचून ठेवतात. मशीनला वाटतं दार बंद आहे. दार सताड उघडं, चक फिरून राहिलाय, नि माणूस हात घालून चिप्स ओढतोय. किळस येते मला.

विपुलने नाही खोचली. तो तर घाबरायचा. ‘दीदी, ही काढून टाका,’ दोनदा म्हणाला. मी म्हटलं, हातमोजे घालू नकोस म्हणजे झालं. त्या दिवशी चिप्स तापल्या होत्या, त्याने हातमोजा घातला, हातमोजा चकने धरला —

मला काहून म्हणाला? मला म्हणजे — मी प्रोग्रामर, म्हणून. नाही. थांब. एकशेवीस झाल्याशिवाय मला सुटी नाही, नि तिकडे रांझीतलं सलोनीचं पाळणाघर सहाला बंद होतं. एकदा उशीर झाला तर पाळणाघरवाल्या बेबीताईने तिला बाहेर ओट्यावर बसवून कुलूप घातलं होतं, पोरगी एकटी रस्त्याकडे बघत बसलेली. दुसऱ्या दिवशी त्या बंद पडलेल्या मशीनची पट्टी काढली मी नि इथं खोचली. मला तर फार हुशार वाटलं गं. घरी सांगितलंसुद्धा, बघा, आता मी वेळेवर येणार.

आता? ती पट्टी आता कुठली असणार. भय्यासाहेबांनी काढायला लावली, विपुलला घेऊन गाडी गेटाबाहेर पडायच्या आत. ती पण मीच काढली.

अशी बघू नकोस. रडून दाखवलं असतं, पण येत नाही, नि त्याचीच जास्त शिसारी येते.

ऑफिस वर आहे, जिन्याने. भय्यासाहेब आहेत आत. जा, सांग त्यांना, विनताने खोचली म्हणून. — मी नाही येणार तुझ्याबरोबर. ते मला बोलावतील, विचारतील, तेव्हा मी नाही म्हणणार नाही. तेवढंच जमेल मला, त्याहून जास्त विचारू नकोस. जा ना आता. बॅग असू दे, उतरताना ने.