पदवीशिवायचं कार्ड

माह्या लग्नाचं काय झालं, विचारून राह्यले ना? ऐका.

आमचे मोठे बाबा, म्हणजे बापाचे थोरले भाऊ. त्यांचं वतन इंग्रजांनी कधीच गुंडाळलं. उरली फक्त ‘राजे’ ही पदवी. पत्रावर ती नसली की पत्र परत! बरं, म्हाताऱ्याला स्वतःला अक्षर येत नाही. मी शाळा सोडून बसलेला, म्हणून वाचायचं काम माझं. लोक पदवी विसरत, अन् घरात कटकट नको म्हणून मी ती पदरची घालून वाचायचो.

परवा सोनाळ्याहून मुलीच्या बापाचं कार्ड आलं. मोठ्या बाबांनी मला न विचारता काढलेली सोयरीक त्याला कबूल होती. मला मात्र ती नको होती.

“वाच बे,” मोठे बाबा म्हणाले.

या खेपेला मी होतं तसंच वाचलं, “गणपतराव देशमुख यांसी नमस्कार.”

“अन् राजे?”

“लिहेल नाही, मोठे बाबा.”

“माह्या घरात पोरगी द्याले निंगाला, अन् राजे लिहाले हात मोडला काय त्याचा? वापस कर ते कार्ड!”

“पुढचं वाचू?”

“काही गरज नाही! सोयरीक मोडली!”

मोठ्या बाबांच्या पाया मी मनापासून पडलो, असा तेवढा एकच दिवस.