सनईखालचा आवाज

आठवणी अमर असतात, असं आमच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं. तांबड्या अक्षरात, ह्यांनी मुद्दाम लिहून घेतलं होतं. मी या कामात पंचवीस वर्षांच्या वर काढली, मला विचाराल तर आठवणींना बुरशी लागते. पांढरी असते, पावडर सांडल्यासारखी, कॅसेटच्या खिडकीतून आत दिसते, आणि पावसाळ्यात वाढते. लोक कॅसेट घेऊन येतात आणि म्हणतात, ताई, यात आमचं सगळं आयुष्य आहे, सांभाळून. मी उजेडाकडे धरून बघते आणि म्हणते, बघू किती राहिलंय.

मी मूळची लोणी काळभोरची. वडिलांचं सोलापूर रोडला पंक्चरचं दुकान, आम्ही चार बहिणी, मी तिसरी. तिसरीकडे कोणाचं फार लक्ष नसतं, ते एका अर्थी बरं असतं. दहावी झाले आणि हे स्थळ आलं, मुलगा पुण्यात बिबवेवाडीला असतो, लग्नाचे फोटो काढतो. आई म्हणाली, फोटू काढतो ते कळलं, पन काम काय करतो? मध्यस्थ म्हणाला, आक्का, तेच काम हाय. तिच्या लेखी फोटो काढणं म्हणजे जत्रेतली गंमत, तिच्यावर कोणी घर चालवतं हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

मग बाजार उघडला म्हणतात ना, तो काळ आला. आधी जे दुबईहून कोणाच्या तरी भावानं आणायचं ते लक्ष्मी रोडला काचेत दिसायला लागलं. ह्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला, जुनाच, छोट्या कॅसेटचा, खांद्यावर नाही तर हातात धरायचा. घरी आणून पूजा केली, नारळ फोडला, नारळाचं पाणी नेमकं कॅमेऱ्यावर उडालं, आणि पहिली दुरुस्ती शूटिंगच्या आधीच झाली. तोच कॅमेरा अजून आहे, बघा, तो टेबलावर. आता त्याने शूटिंग करत नाही, नुसत्या कॅसेटी वाजवायच्या आणि वायरीने कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या. एका तासाची कॅसेट घ्यायला एक तासच लागतो, त्यात काही लबाडी चालत नाही. लोकांना वाटतं बटण दाबलं की झालं. तसं नाही, कोणाचंही लग्न मला पूर्ण बघावं लागतं, अक्षता, जेवणं, मानपान, रुसलेले मामा, सगळं.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट ऐका, पुढे लागेल. कॅमेऱ्याचा माइक कॅमेऱ्यावरच असतो. त्यामुळे त्याच्या सगळ्यांत जवळचा माणूस म्हणजे शूटिंगवाला. मंगलाष्टकं लांबून येतात आणि शूटिंगवाल्याचा खोकला जवळून येतो. आणि ह्यांना बोलायची सवय. घरी म्हणाल तर चार शब्द, चहा कर, येतो, दार लावून घे, इतकंच, पण कॅमेरा हातात आला की गप्प राहायचे नाहीत. काकू, ताट जरा खाली. नवरी, इकडे बघा, हसू नका, नुसतं बघा. अहो काका, बाजूला व्हा, तुमच्या पाठीचं शूटिंग होतंय. लोक व्हिडिओ बघायला बसायचे आणि लगेच तक्रार, हा मध्ये मध्ये कोण बोलतोय? म्हणून त्याच्यावर सनई टाकायची. मूळ आवाज बंद, वर सनई. आमच्याकडे सनईचा एकच तुकडा होता, चार मिनिटांचा, तोच पुन्हा पुन्हा जोडून तीन तासांच्या लग्नाला पुरवायचा. पुण्यातली किती लग्नं त्या चार मिनिटांवर लागली ते मला माहीत.

आणि ती सनई टाकायचं काम माझं. कॉम्प्युटर शिकलं की माणूस अमेरिकेला जातो अशी तेव्हा पुण्यात समजूत होती. गल्लीगल्लीत क्लास निघाले होते. ह्यांनी मलाही घातलं. माझ्याबरोबरची दोन मुलं खरंच अमेरिकेला गेली, मी शिकले आणि आतल्या खोलीत गेले. तिथं आठ-नऊ महिन्यांचे हप्ते असलेला कॉम्प्युटर होता. हे बाहेर शूटिंग करायचे, मी आत बसून त्यांचा आवाज काढून टाकायचे. असा आमचा संसार. हसू नका, चांगला चालला होता.

काम काय काय येतं काय सांगू तुम्हाला. एक बाई आल्या, म्हणाल्या, मुलाच्या लग्नाची कॅसेट आहे, कॉम्प्युटरवर घ्या, फक्त सून काढून टाका. मी म्हटलं, म्हणजे? म्हणाल्या, घटस्फोट झालाय ना. मी म्हटलं, काकू, लग्न आहे, सून काढली तर उरणार काय? त्या म्हणाल्या, आमचे हे उरतील, ते गेले त्याच वर्षी. मी काढली सून. तीन तासांतली अकरा मिनिटं राहिली, त्यात निम्मी जेवणाची पंगत. बाई खूश होऊन गेल्या.

हे गेले त्या दिवशी मंगळवार होता, लग्नाची तिथी नव्हती म्हणून घरी होते. तिथी असती तर कोणाच्या तरी कॅसेटवर गेले असते. चहाचा कप ठेवला, छातीत कसं तरी होतंय म्हणाले, आणि रिक्षा येईपर्यंत संपलं. मुलगी मनीषा तेव्हा सात वर्षांची. मी रडले का असं सगळे विचारत होते, मला आठवत नाही, पातेल्यात दूध उतू गेलं होतं ते आठवतं.

आदल्या रविवारी त्यांनी धायरीच्या एका घरचं लग्न केलं होतं. मिक्सिंग राहिलं होतं. चौदाव्या दिवशी त्या घरून फोन आला, वहिनी, वाईट झालं हो, पण पाहुणे परत अमेरिकेला चाललेत, सीडी मिळाली असती तर. मी म्हटलं, देते. बसले कॉम्प्युटरवर. कानाला हेडफोन लावला, आणि हे बोलायला लागले. काका, बाजूला व्हा. मी काय केलं सांगू? नेहमी करते तेच केलं. मूळ आवाज बंद, सनई टाकली. हात सवयीचा. पुढे नेऊन दिल्यावर मुलाच्या आईने विचारलं, तो मध्ये मध्ये बोलणारा आवाज काढलात ना? मी म्हटलं, काढला.

मग वीस वर्षं गेली, ती कशी गेली ते सांगण्यासारखं काही नाही, गेली. मनीषा इंजिनिअर झाली, हिंजवडीला जाते, तिची मुलगी आता तीन वर्षांची. एके रविवारी ती मला म्हणाली, आई, बाबांचा चेहरा मला फोटोत दिसतो, पण आवाज आठवत नाही. किती प्रयत्न केला तरी येत नाही. आपल्याकडे आहे का कुठे? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, असं कसं, जन्मभर व्हिडिओचं काम केलंत तुम्ही. मी म्हटलं, हो ना.

खरंच नव्हता. कॅसेट महाग, म्हणून काम झालं की तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची, जुनं पुसून नवं. ह्यांचा आवाज ह्यांच्याच पुढच्या कामाने पुसला जायचा, आणि हे गेल्यावर मी शूटिंगला माणूस ठेवला त्याने उरलेला पुसला. घरची म्हणून एक कॅसेट होती, मनीषाच्या बारशाची. एका वैशाखात तिथी अशा लागल्या की बाजारात कोरी कॅसेट मिळेना, ती दिली. कपाटातून मीच काढून दिली. मनीषा म्हणाली, आणि कॉम्प्युटरवर? तुझ्या हाताखालून शेकडो वेळा गेले असतील बाबा, एकदाही ठेवला नाहीस? मी म्हटलं, अगं, गिऱ्हाइकाचं होतं ते. ती काही बोलली नाही. न बोलण्यात ती वडिलांवर गेलीय.

मग मला धायरी आठवली. त्या लोकांनी कॅसेट स्वतःची आणून दिली होती, दुबईच्या कोणीतरी दिलेली, आणि काम झाल्यावर मोजून परत नेली होती. तेवढीच एक पुसलेली नसणार. सनई मी सीडीवर टाकली होती, कॅसेटवर मूळ आवाज तसाच.

गेले धायरीला. पूर्वी तिथं शेतं होती, आता बिल्डिंगीवर बिल्डिंगी, दोन तास शोधलं. दार उघडलं ते त्या नवरीच्या सासूबाईंनी, आता ऐंशीच्या असतील. मी म्हटलं, तुमच्या मुलाच्या लग्नाची कॅसेट असेल तर मी फुकट कॉम्प्युटरवर घेऊन देते, नाही तर खराब होईल. त्या म्हणाल्या, फुकट का? मी म्हटलं, जुनी गिऱ्हाइकं म्हणून. त्या म्हणाल्या, स्कीम आहे का? एकावर एक? मी म्हटलं, नाही, नुसतंच फुकट. त्या म्हणाल्या, नुसतंच फुकट पुण्यात कोणी देत नाही, तुम्हाला काय हवंय ते सांगा. मला सांगता येईना. मग सून बाहेर आली, प्राजक्ता, मी तिला नवरीच्या वेषात इतकी बघितली होती की तिला मॅक्सीत बघून मलाच कसंतरी झालं. तिने ओळखलं. तुमच्या मिस्टरांनी केलं होतं ना शूटिंग, म्हणाली, आणि आत जाऊन शालूच्या घडीतून, डांबराच्या गोळ्यांमधून कॅसेट काढून दिली. सासूबाई म्हणाल्या, पावती द्या. मी कागदावर लिहून दिलं, कॅसेट एक, मिळाली.

बुरशी होती. भरपूर. कॅसेटचे पाच स्क्रू काढले, सुती फडकं घेतलं आणि बोटाने चाक फिरवत सगळी फीत पुसली, चार दिवस लागले. आमचा कॅमेराही म्हातारा, फीत वाचणाऱ्या त्याच्या हेडला बुरशी लागली तर तोही जाईल, मग ना कॅमेरा ना आवाज. म्हणजे एकदाच वाजणार असं धरून चालायचं. पाचव्या दिवशी सकाळी लावली. पहिली सोळा मिनिटं नुसता निळा पडदा. आवाज नाही, काही नाही. मी बसून राहिले. मधे कुकरच्या शिट्ट्या झाल्या, उठून गॅस बंद केला, परत येऊन बसले. सतराव्या मिनिटाला रेघा आल्या, रेघांतून मांडव आला आणि एकदम कानाशी हे म्हणाले, अहो काका, बाजूला व्हा.

आयुष्यात पहिल्यांदा उलटं काम केलं. लग्न सगळं काढून टाकलं आणि बोलणं ठेवलं. एक मिनिट चाळीस सेकंद भरलं. त्यात सात वेळा काका बाजूला व्हा, तीन वेळा नवरी इकडे बघा, एकदा खोकला, आणि शेवटी कोणीतरी जेवायला बोलावतंय, त्यावर ह्यांचं, नको, घरी वाट बघतायत.

मनीषाला ऐकवलं. तिने दोनदा ऐकलं. म्हणाली, आई, बाबा एवढे चिडके होते? मी म्हटलं, नाही गं, तो काका फार आडवा होता. तिने फोनमध्ये घेतलं. आता नात घरभर सगळ्यांना सांगते, काका, बाजूला व्हा. तिच्या बापालाही. असो, पोरगी सुखात राहो, आजोबांचं एवढं तरी तिला लागलं.

प्राजक्ताला पेन ड्राइव्ह दिला, बुरशीतून वाचलेलं सगळं लग्न, आवाजासकट आहे तसं. परवा तिचा फोन आला. म्हणाली, ताई, छान झालंय हो, मी किती बारीक होते, सगळ्यांनी बघितलं. फक्त सासूबाई विचारतायत, मध्ये मध्ये कोण बोलतंय? मी म्हटलं, शूटिंगवाले. ती म्हणाली, काढता येईल का?

येईल म्हटलं. काल बसून काढला. सनई तीच टाकली, माझ्याकडे एकच आहे.