म्हस्कूनं भंडारा उचलला न्हाई

...न्हाई, तसं नगा लिवू ताई. ‘पोलीस पाटील म्हणाले’ असं नगा — माजी लिवा. मागल्या साली साठ पुरी झाली, उतरलो. हां, आता इचारा. चोऱ्या कमी का झाल्या? पुण्यास्नं एवढ्या लांब कवठ्याला आलात त्ये एवढंच इचारायला? शिक्षा झाली म्हणून, दुसरं काय. एका वर्सात पाण्याच्या सात मोटारी गेल्या व्हत्या आमच्या, विहिरीवरनं — आन् म्हस्कूला तीन वर्सं येरवड्याला धाडला, तवापासून एक न्हाई. शिरूरच्या मीटिंगीत मला उभं करून सांगायला लावलं सायबांनी. मी म्हणलं, तीन काय, धा करा. टाळ्या पडल्या.

म्हस्कू कोण? गावातले बागाईतदार आबा, त्यांच्या मळ्यात दारं धरायचा, पाणी द्यायचा पिकाला. गरीब माणूस. म्हंजी — तवा मी गरीब म्हणलो नसतो. आबांची मोटार गेली तवा आम्ही आमच्या पद्धतीनं शोध घेतला. हितं आधी ठाणं न्हाई ताई, आधी देवी. ज्याच्यावर संशय त्यानं देवळात यायचं, येमाईचा भंडारा उचलायचा — मुठीत हळद धरून म्हणायचं, मी न्हाई घेतली, खोटं बोलत आसंन तर माझ्या घरादाराचं वाटुळं हुंदे. खोट्याचा हात कापतोच. अकरा जणांनी उचलला. माझ्या बहिणीच्या पोरानं, मल्हारनं तर सगळ्यांच्या आधी — हात जरा म्हणून हलला न्हाई. एकट्या म्हस्कूनं हात मागं घेतला. म्हणला, “पाटील, मी न्हाई घेतली. पर एवढं मला सांगू नगा.” संपलं की मग. अजून काय पुरावा पायजे माणसाला?

कोर्टाला पायजे व्हता. कोर्टात भंडारा चालत न्हाई. मग मी सांगितलं, दिस उगवायला सायकलीवर मोटार नेताना बघितला ह्याला... काय? न्हाई, बघितला न्हवता. ह्ये लिवू नगा. पेन खाली ठिवा आधी. मला खात्री व्हती ना ताई — देवीपुढनं हात मागं घेतलेला माणूस — तेवढं एक वाक्य कमी पडत व्हतं, त्ये मी घातलं.

निकाल लागला आन् त्याची बायकू, कुशाबाई, दारात आली. रडली न्हाई, भांडली न्हाई. सांगितलं, दोन लेकरं जन्मताच गेली माझी, तिसरं पोटात हाय. घरात पोटुशी बाई असताना खऱ्यासाठीबी घरादाराचं वाटुळं तोंडातनं काढायचं नसतं, म्हणून न्हाई उचलला त्यांनी. मी म्हणलं, आधी का न्हाई बोललीस? “तुम्ही इचारलं कुठं?” म्हणली. पर निकाल लागला व्हता.

आन् वर्सानं बहिणीच्या विहिरीचा गाळ काढताना मोटार वर आली. आबांच्या मोटारीचाच निळा रंग. मल्हारनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मीच म्हणलं, ढकल परत खाली. म्हस्कू आत गेला त्याच महिन्यात मल्हार कोरेगावला कंपनीत लागलेला — सकाळची शिफ्ट, बस दारात, रातचं हिंडणं थांबलं. म्हणून बंद झाल्या चोऱ्या. शिक्षेनं न्हाई ताई. आन् मी गावोगाव सांगत फिरलो, धा करा म्हणून.

त्या पारावर बसलीय ना, मांडीवर पोरगी घिऊन — तीच कुशाबाई. आज सुटलाय त्यो. शिरूरची यष्टी अडीचला येती. सकाळपासनं मी हितं बसलोय, त्याला काय म्हणायचं त्ये जुळवत. जुळत न्हाई.

शेवटचा प्रश्न काय तुमचा? शिक्षा वाढवाव्यात का, हो की न्हाई... तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा — खोट्या साक्षीला किती असती? सात? सात वर्सं. म्हंजी त्याच्या दुपटीच्या वर.

आली यष्टी. उतरला बघा. केवढा वाळलाय. पोरगी ओळखत न्हाई त्याला, आईच्या पदरात तोंड घातलं तिनं... हिकडं बघतोय. हात जोडले त्यानं मला — आधी त्यानं जोडले.

ताई, एक कोरा कागद आन् पेन तेवढं ठिवा हितं. आन् जावा तुम्ही. जावा म्हणतो ना.